दवाखाना आज बंद आहे

"डॉक्टर आहेत का?"

आबांच्या दवाखान्यातली कपाटं पुसता पुसता मी वळून पाहिलं. दारात एक तरुण उभा होता. उजव्या तळहाताला रुमाल गुंडाळलेला, त्यातून रक्त झिरपत होतं, आणि पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली.

"डॉक्टर म्हणजे माझे वडील. ते दिवाळीत वारले," मी म्हणाले. "पण जखम धुऊन देते. या, बसा."

केळीच्या ट्रकमधून रस्त्यावर पडलेल्या ओल्या पाल्यावर त्याची मोटारसायकल घसरली होती.

"फैजपुरात घसरायला पाऊस लागत नाही," मी म्हणाले.

"आता लक्षात राहील." जंतुनाशक लागताच त्याने डोळे घट्ट मिटले. "तुम्ही नर्स?"

"कॉलेजात मराठी शिकवते."

"तरीच… पट्टी जरा अलंकारिक झालीय."

मी हसले. आबा गेल्यापासून त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं आणि मी पट्टीची गाठ उगाच पुन्हा बांधली.

"खरं सांगू?" तो उठता उठता म्हणाला. "मीही डॉक्टरच आहे. हा दवाखाना भाड्याने द्यायचा आहे असं जळगावात कळलं, म्हणून बघायला आलो होतो."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतकं मन लावून बांधत होतात, की—"



तो धुळ्याचा. नाव भाईदास बोरसे. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं. "पोरी हसतात या नावाला," तो म्हणाला, "पण म्हातारे पेशंट लगेच विश्वास ठेवतात." आईने त्याला चहा दिला, आणि कप रिकामा व्हायच्या आत दवाखाना देऊनही टाकला.

दवाखाना रस्त्याच्या बाजूला, आमचं घर मागे, मधे अंगण. अंगणाच्या दाराला आबांनी कधी कडी लावू दिली नाही. समोरचं दार बंद झालं की लोक मागून येत. जेवताना येत, आंघोळीच्या वेळी येत, आणि आबा प्रत्येक वेळी उठत. जळगावला जाऊन हृदय तपासून घ्यायचं त्यांनी कितीदा ठरवलं. दर वेळी निघताना दारात कुणीतरी उभं असायचं.

भाईदास मला 'मॅडम' म्हणायचा. कॉलेजातून येताना त्याचा आवाज अंगणापर्यंत ऐकू यायचा. शेजारच्या मंजुळामावशी सुई टोचून घेतल्याशिवाय हलायच्या नाहीत, आणि त्याची धुळ्याकडची अहिराणी ऐकून सगळी बाकं हसायची.

"सुईनी गरज नही शे, मावशी. दोन दिन मूगनी डाय खा."

"काय बाप्पा हा डाक्टर! धुळ्याले डाळीनं बरं करतात वाटते!"

पुस्तकं न्यायच्या निमित्ताने तो संध्याकाळी ओट्यावर यायचा. दिलेलं पुस्तक खरंच वाचायचा, आणि परत देताना माझ्याशी भांडायचा. हळूहळू पुस्तक संपलं तरी तो बसू लागला. मीही दिवा लावायला उठायची नाही.

आणि मग एका दुपारी दवाखान्याच्या दारावर पाटी दिसली. 'दर रविवारी बंद. त्या दिवशी डॉ. फालक यांच्याकडे जावे.'

फालकांचा दवाखाना गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. एका पेशंटवरून आबांचं आणि त्यांचं बिनसलं, ते शेवटपर्यंत. आमच्या गावात घरागणिक डॉक्टर ठरलेला असतो. 'आपला' डॉक्टर सोडून दुसऱ्याची पायरी चढणं म्हणजे फितुरीच.

मी तशीच आत गेले. "आबांच्या दारावर फालकांचं नाव?"

त्याने स्टेथोस्कोप खाली ठेवला. "बुधवारी ते बंद ठेवतात, तेव्हा त्यांच्या दारावर माझं नाव असतं, मॅडम. मीच गेलो होतो त्यांच्याकडे."

"आबा असं कधी—"

"नसतंच केलं. त्यांनी गाव सांभाळलं… त्यांना कुणी सांभाळलं?" त्याचा आवाज एकदम हळू झाला. "मला या गावात म्हातारं व्हायचंय. एकट्याने हा दवाखाना फार काळ चालणार नाही, माणूस आधी थकतो. दोघांनी वाटून घेतलं, तर आयुष्यभर चालेल."

"कोण दोघांनी?"

"आत्ता तरी फालक म्हणतोय," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

माझा राग कुठे गेला, कळलं नाही. राहिली ती भीती.

"डॉक्टरच्या घरात काय असतं ते मी पाहिलंय," मी म्हणाले. "आई ताट वाढून बसायची, आणि ताट गार व्हायचं. मला तसं जगायचं नाही, डॉक्टर. तुम्ही कितीही… कितीही आवडलात तरी."

बोलून गेले ते गेलेच. त्याचे कान लाल झाले.

"रविवारी तुमच्या मामांच्या मळ्यात भरीत पार्टी आहे ना? मी येतो. सबंध दिवस. नाही आलो, तर तुम्हाला कधी काही विचारणार नाही."

रविवारी मामांचा ट्रॅक्टर दारात उभा होता. आई वर चढून बसली होती. भाईदास पांढरा शर्ट घालून अंगणात आला, आणि तेवढ्यात मागचं दार वाजलं.

मंजुळामावशी नातीला कडेवर घेऊन आत आल्या. "डाक्टर, या पोरीचा कान रातपासून ठनकू रायला!"

त्याने पोरीच्या कपाळाला हात लावला, कानामागे दाबून पाहिलं. "ताप नही शे, मावशी. घाबरानं काम नही. फालक डॉक्टर देखी लेतीन."

"फालककडे? आमी नाई जात बाप्पा! लोक काय म्हनतीन?" त्या माझ्याकडे वळल्या. "सुलभे, तूच सांग व माय. तुहे आबा असते तं असे निंघून गेले असते का?"

भाईदासने पोरीच्या कानावरचा हात काढला. त्याने माझ्याकडे पाहिलं. दार माझ्या बापाचं होतं. मी मान जरी हलवली असती, तरी तो शर्टाच्या बाह्या वर करून आत गेला असता.

"नसते गेले," मी म्हणाले. "म्हणून तर आज नाहीत, मावशी."

मावशींनी तोंडाला पदर लावला. मी पोरीला त्यांच्याकडून घेतलं आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागले. त्या मागोमाग आल्या.

फालकांच्या पायऱ्या मी पहिल्यांदाच चढत होते. मला बघून ते खुर्चीतून उठले. पोरीचा कान तपासला, औषध लिहून दिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "बापासारखी चालतेस तू. लांबून मला वाटलं…" त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "जा. भरीत गार करू नका."

मळ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती. हिरवी, मोठी, साल तडकून धूर सोडणारी. मामांनी ती लाकडी बडगीत ठेचली, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, मिरचीचा ठेचा. केळीच्या पानावर वाढलेलं वाफाळतं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी भाईदासने बोटं चाटत खाल्ली. धुळ्याचं भरीत याहून बरं असतं, असं म्हणायची हिंमत केली, आणि मामांकडून शिव्या खाल्ल्या. मग कडुलिंबाखालच्या खाटेवर जरा टेकतो म्हणाला, तो झोपलाच.

मी हाक मारणार होते. आईने माझा हात धरला. ती त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"झोपलेला डॉक्टर मी कधी पाहिलाच नव्हता गं," ती म्हणाली, आणि भांडी उचलायला निघून गेली.

उन्हं उतरल्यावर तो दचकून उठला. केसांत लिंबाची पानं. "कुणी आलं होतं? कुणी बोलावलं?"

"कुणी नाही."

त्याने केसांतली पानं झटकली. मग, न बघताच… "मग आता विचारू का?"

"बुधवारी फालकांचेही पेशंट येणार, त्या दिवशी उशीर झालेला चालेल," मी म्हणाले. "बाकी रोज वेळेवर जेवायला यायचं, भाईदास."

त्याने झटकन वर पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी मिश्कील बोलेल. पण त्याने नुसतं खाटेवर बाजूला सरकून जागा केली. मी बसले.