भंडारा नावाचा रंग

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. कोरेगावात, गेल्या वर्षीच्या मार्च महिन्यात. आणि रात्री-बित्री नाही... भरदुपारी अडीच वाजता.

नूरीन माझ्या खालाची, म्हणजे मावशीची मुलगी. बाजारपेठेत तिचं टायपिंगचं दुकान आहे. पुस्तकं ती लाटेक नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये बसवते. तिथे माउसने रंग भरत नाहीत, हुकूम लिहावा लागतो. फाईलच्या वर एका ओळीत रंगाचे आकडे देऊन त्याचं नाव ठेवायचं. मग खाली त्या नावाने हाक मारली, की तेवढा मजकूर त्या रंगात येतो.

आप्पासो म्हणजे गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, धनगर माणूस. मेंढ्यांच्या औषधांवरचं छोटं पुस्तक तिच्याकडून करून घेत होते. चुका दाखवायला त्यांना लाल रंग चालेना.

“पोरी, लाल नगं. भंडाऱ्याचा रंग दे. बिरोबाची हळद हाय ती, खोटं बोलत न्हाई.”

नूरीनने आकडे जुळवले, पिवळा बनवला, नाव ठेवलं ‘भंडारा’. कच्च्या प्रतीवर खरडलेले त्यांचे शेरे ती फाईलमध्ये त्या रंगात टाईप करत गेली. वाचत मात्र नव्हती. टायपिंगवाल्याचे हात चालतात, डोकं घरी असतं. दुरुस्त्या नंतर एकदम करू, असं तिचं ठरलं होतं.

आप्पासो मध्येच गेले.

त्यांचा मुलगा बिराप्पा वर्षश्राद्धाला पुस्तक वाटायचं म्हणून घाई करायला लागला. चाळीस शेरे निस्तरायचा नूरीनला आला कंटाळा. तिने एकच ओळ बदलली. भंडाऱ्याचे आकडे काढून पांढरा रंग दिला. कागदावरचे शेरे गडप! मध्ये मध्ये कोरी जागा राहिली, पण कोण बघतंय? पन्नास प्रती गेल्या.

आठ दिवसांनी, त्या दुपारी, तिने सहज ती फाईल उघडली...

पानापानावर पिवळं होतं. सगळे शेरे.

वरच्या ओळीत रंग पांढराच लिहिलेला होता. तिने ती ओळच पुसून टाकली. आता नावच उरलं नाही म्हटल्यावर काम अडायला हवं. ‘हा रंग माहीत नाही’ अशी चूक दाखवायला हवी.

अडलं नाही.

पिवळं आणखी गडद झालं... आणि दुकानात हळदीचा वास सुटला.

नूरीनने पहिल्यांदाच शेरे वाचले. सतराव्या पानावर होतं, “जंताच्या औषधाचा आकडा चुकलाय. पॉईंट राहिला. चार न्हाई, पॉईंट चार. मेंढरं मरत्याल.”

तिने बिराप्पाला फोन लावला.

“दादा, जंताचं औषध दिलं काय?”

“व्हय, सकाळीच पाजलं. आप्पांच्या पुस्तकात बघून.”

एरवी त्याच्या फोनमागे मेंढरांचा एवढा गलका असतो, की बोलणं ऐकू येत नाही. आज मागे...

काहीच नव्हतं.

“लय गप पडल्यात गं,” बिराप्पा म्हणाला. “उन्हानं आसंल.”

संध्याकाळपर्यंत साठ मेंढरं गेली. बिराप्पाने औषधात भेसळ असल्याचं धरलं. नूरीनने मान डोलावली. बाकीच्या प्रती छपाई खराब आहे म्हणून परत मागवल्या. खरं कुणालाच सांगितलं नाही. भित्री आहे ती, आणि हे मी तिच्या तोंडावरही म्हणतो.

पंधरा दिवसांनी आप्पासोंची बायको, बयाबाई, दुकानात आल्या. त्यांना अक्षरओळख नाही.

“पोरी, मालकांनी शेवटाला काय लिवलं व्हतं? वाच की.”

नूरीनने फाईल उघडली. शेवटच्या शेऱ्याखाली पिवळ्यात आणखी एक होता... तिने कधीच टाईप न केलेला.

“बयाला खरं सांग.”

नूरीनने फाईल बंद केली. “काय न्हाई, आजी. नुसती सही हाय.”

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली,

“मग त्ये रोज तिन्हीसांजेला दारात हुबं ऱ्हाऊन मला का इचारत्यात... ‘पोरीनं सांगितलं का?’”

नूरीनने त्यांना अजून सांगितलेलं नाही. फक्त मला सांगितलं, तेही परवा. म्हणजे खरं माहीत असलेला आता मीही आहे. आणि तेव्हापासून दिवेलागण झाली, की मी आमच्या घराचं दार लावून घेतो.