दोन थांब्यांची सोबत

साथ ओसरून वर्ष झालं, तरी निम्म्या बस रिकाम्याच धावत होत्या. का, ते प्रवाशांना विचारायला बस कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी थांब्यावर उभं केलं होतं. त्या सकाळी भुरभुर पाऊस होता. बस दार उघडून उभी, आणि एक तरुण मात्र भिजत पायी निघालेला.

“अहो, बस आलीये... भिजताय कशाला?”

“हौस.”

“रोजच?”

“रोज बघता वाटतं माझ्याकडे?”

मी कागदात डोकं खुपसलं.

तो एका दुकानात चष्म्याच्या काचा घासायचा. दुकान पायी सव्वा तासाच्या वाटेवर. पुढच्या आठवड्यापासून संध्याकाळी मीही त्याच्याबरोबर चालू लागले.

“तुझं घर त्या बाजूला ना?” त्यानं एकदा विचारलं.

“हो... जरा लांबून जाते.”

तो हसला. मग पुलावर थांबला, आणि हसू विरलं.

“साथीत मी बसनं जायचो. शेजारचा खोकत होता. उठलो तर त्याला वाईट वाटेल म्हणून बसून राहिलो... पंधरा दिवसांत आई गेली.”

“ते बसमधूनच आलं कशावरून?”

“डॉक्टरही हेच म्हणाले. पटतं गं. पण बसचं दार लागलं की आईची धाप ऐकू येते.”

मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवला नाही.

माझं काम संपलं. कायमची नोकरी मिळाली ती सहा तासांवरच्या शहरात. बाबांना दम्यानं घरी बसवलं होतं; नाही म्हणायची सोयच नव्हती.

“मी येतो सोडायला. अगदी तिथपर्यंत,” तो म्हणाला.

आणि खरंच माझ्याबरोबर बसमध्ये चढला. खिडकी सताड उघडून माझ्याशेजारी बसला. पहिला थांबा गेला. दुसऱ्याच्या अलीकडे त्याची बोटं गार पडली, कपाळावर घाम फुटला.

“जमेल...” तो पुटपुटला. “जमेल मला.”

मी उठले आणि घंटी वाजवली.

“उतर.”

“रागावलीस?”

“नाही रे... आवडतोस, म्हणून सांगतेय.”

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच तोंडून निघालं. तो काहीतरी बोलणार होता, पण मागची माणसं उतरायला खोळंबली होती.

खाली उतरून तो बसच्या बाजूनं चालत राहिला. मग झपझप. मग दिसेनासा झाला.

“इथं कुणी बसलंय का?” एका बाईंनी शेजारच्या जागेकडे बोट दाखवत विचारलं.

मी त्या जागेवर हात ठेवला, मग उचलून त्यांना बसू दिलं.