वाट चुकलेली नस

वैशाखरेच्या मैदानात कबड्डीचा सामना ऐन रंगात आला होता. मी वाशिंदहून मामाकडे आलेली, रेषेलगत उभी होते. किन्हवलीच्या ओमकारनं चढाई केली, परत फिरला, रेषेला हात लावला... आणि माझ्या पायाशी कोसळला.

त्यानं डोळे उघडले तेव्हा त्याचं डोकं माझ्या ओढणीवर होतं.

"पॉइंट मिळाला?"

"मिळाला. पण माझा जीव गेला ना!"

"तुमचा का?" तो हसला. ओठ मात्र पांढरे पडले होते.

मामांनी आणि मी त्याला मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. तिथे ईसीजी चांगला आला. ऊन लागलं असेल, सगळे म्हणाले. मला राहवेना. मामा डॉक्टरांशी बोलत होते तेव्हा मी हळूच विचारलं, "पळताना छातीवर हात का गेला तुमचा?"

त्यानं मामांकडे चोरून पाहिलं. "पळालो की दुखतं. कोणाला सांगू नका... खेळ बंद करतील."

मी सरळ डॉक्टरांना सांगितलं.

"चुगलखोर!" तो म्हणाला. "आता कल्याणला पण चला माझ्यासंगं."

गेले. तिथे सीटी अँजिओग्राफी झाली. हृदयाला रक्त पुरवणारी उजवी नस जन्मापासूनच चुकीच्या, डाव्या बाजूनं निघाली होती. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बेचक्यातून जायची, पळताना चेपायची.

"झोपवून काढलेल्या ईसीजीत हे दिसेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण जिवावर बेतू शकतं. ऑपरेशन करून घ्या."

त्यानंतर आमचं रोज फोनवर बोलणं व्हायचं. 'तुमी'चं 'तू' कधी झालं कळलंच नाही. आणि एक दिवस त्यानं फोन उचलणं सोडलं. मी किन्हवलीची एसटी धरली.

"ऑपरेशनला नाय म्हणतो गो," दारातच त्याची आई, भागीरथीकाकू, रडवेल्या झाल्या.

तो परसात बसला होता.

"चिरलेल्या छातीचा गडी कोण संघात घेईल? आणि टेबलावरच काय झालं तर... तू कशाला अडकतेस माझ्यात?"

"अडकलेय आधीच!" माझा आवाज चढला. "मला चढाईवाला नको रे. म्हातारा होऊन कटकट करणारा माणूस पाहिजे."



"कटकट..." तो पुटपुटला, "जमेल मला."

ऑपरेशनच्या दिवशी काकूंचा आणि माझा हात एकमेकांत घट्ट होता. डॉक्टर बाहेर आले, "नस मोकळी झालीय," म्हणाले, तरी सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी काचेपलीकडून त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"काय म्हणाला गो?" काकूंनी विचारलं.

मला कळलं होतं: 'कटकट... सुरू करू?' पण त्यांना कसं सांगणार?