मशीन चालूच होतं

"आवाजावर जाऊ नकोस हं, यानिना. डोळ्यांनी बघत जा."

नेल्दाआत्या असं म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, शेजारीच राहतात. त्या दिवशी आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन, आलं होतं.

"जुन्या लेथवर माणूस उभा असल्याशिवाय आवाज यायचा नाही. हे एकटंच चालतं. आतला माणूस कसा आहे, कळणार कसं?"

"आत्या, तुम्हाला तर मिक्सरचीपण भीती वाटते," मी म्हणाले.

पुढचं सगळं माझ्याच घरात घडलंय. यातलं एक वाक्यही मी वाढवलेलं नाही.

गेल्या जानेवारीतली भर दुपार. आमच्याकडे तेव्हा कडक उन्हाळा असतो. अर्जेंटिनातलं लास पारेहास. आमचं गाव.

इथे गल्लोगल्ली पेरणीयंत्रांचे सुटे भाग बनतात. आमचं वर्कशॉप अंगणापलीकडे आहे. त्या दिवशी नायलॉनच्या बुशची, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या छोट्या नळकांड्यांची, मोठी ऑर्डर होती. एकदा प्रोग्राम लावला की सळई आपोआप पुढे सरकते, बुश कातलं जातं, ट्रेमध्ये पडतं. परत सळई पुढे...

माझा नवरा लिसांद्रो माल पोचवायला रोसारिओला गेला होता. मशीनवर सासरे एकटेच. त्यांचं नाव एल्व्हियो, मी बाबा म्हणायचे. सकाळी ते नातीच्या गालाला मिशा घासून गेले होते.

दुपारी आमचं गाव झोपतं. खिडक्या बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

फक्त मशीनचा तो एकसुरी आवाज. माझी छोटी लेक रेनाता त्याच आवाजावर झोपायची.

त्या दिवशी ती झोपेना. आणि बाबा जेवायलाही आले नव्हते.

मला चैन पडेना. रेनाताला कडेवर घेतलं आणि अंगण ओलांडलं. वर्कशॉपचं दार लोखंडी आहे. बंद होतं.

"बाबा, जेवण थंड झालंय! आत्या मला बोलतील हं!"

मशीन चालू होतं.

मग आतून आवाज आला...

"बोलू दे तिला. जन्मभर तेच केलंय तिनं."

मी हसले. दाराला हात लावला.

"आत येऊ नकोस, पोरी. रेनाताला ऊन लागतंय. जा, झोपव तिला."

तोच आवाज. तोच थोडा घोगरा सूर. मी परत फिरले.

पलंगावर पडल्यावर मनात आलं... रेनाता माझ्या कडेवर होती, हे बाबांना कसं कळलं?

ती तर हूं की चूं करत नव्हती.

पण मशीन चालू होतं. म्हणजे बाबा ठीक होते. रेनाता झोपली. मलाही डोळा लागला.

जाग आली ती शांततेनं.

मशीन बंद पडलं होतं.

रेनाता पाळण्यात उठून बसली होती. रडत नव्हती. नुसती भिंतीकडे बघत होती... वर्कशॉपच्या बाजूच्या.

मी अनवाणी धावले. दार ढकललं.

सळई संपली होती. मशीनवर लाल दिवा लागला होता. ट्रे भरून बुश जमिनीवर सांडली होती. पांढरीशुभ्र, सगळीकडे.

बाबा स्टुलावर बसले होते. पाठ भिंतीला टेकलेली. मांडीवर मापं घ्यायचं व्हर्नियर.

खाली वाकताना एक बुश माझ्या हाताला लागलं. अजून कोमट होतं.

बाबांचा हात मात्र थंड होता. पत्र्याच्या त्या भट्टीतही... थंडगार.

डॉक्टर म्हणाले, "हृदय बंद पडलं. सकाळीच गेलेत."

"नाही हो! दुपारी माझ्याशी बोलले ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शक्य नाही, बाई."

लिसांद्रोनं नंतर ती सगळी बुश व्हर्नियरनं मापून पाहिली. एकेक हातात घ्यायचा, मापायचा, रडायचा. एकही बाद नव्हतं.

नेल्दाआत्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

मी सांगितलं. त्यांनी तोंडावर हात धरला.

"आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. यानंच मला दारात अडवलं होतं. आत येऊ नकोस, म्हणाला. मी बघू नये म्हणून..."

मग आम्ही दोघी खूप रडलो.

आता त्या मशीनवर लिसांद्रो असतो. दुपारी मी हाक मारते. तो ओ देतो. तरी मी जाऊन दार उघडते.

"अगं, उत्तर दिलं ना मी?" तो वैतागतो.

"दिलंस. म्हणूनच आले."

त्याच्या हाताला हात लावते. गरम असतो. मग परत येते.

तुमच्याही घरात कोणीतरी बंद दाराआड असेल. आतून खुडबुड ऐकू येत असेल. हाक मारलीत तर "मी बरा आहे" असंही म्हणेल.

वाचणं थांबवा. उठा, आणि दार उघडून बघा.