पत्रूची पाठ

"गुन्हेगार कितीही हिकमती असो, या भैयाजी हवालदाराच्या नजरेतून तो आजवर सुटला नाई आणि सुटणार नाई."

हे विधान जंगलाच्या कडेच्या चौकीत खुद्द भैयाजींनीच केलं. त्या वेळी त्यांची टोपी पळवणारं माकड समोरच्या मोहाच्या झाडावर बसलं होतं. टोपी घालून.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या गावात पत्रू मेला होता. पहाटे काळी ओकारी करून. गावानं नीलाबाईला समाजमंदिरात कोंडलं होतं.

भैयाजी बोडक्या डोक्यानंच निघाले.

नीलाबाई म्हणजे पाठी चोळून देणारी एकटी म्हातारी. रोवण्याच्या दिवसांत गाव दिवसभर चिखलात वाकून धान रोवतं आणि संध्याकाळी निम्मं गाव तिच्या पडवीत पालथं पडतं. काल पत्रू पडला होता. आज तो सरकारी दवाखान्यात चिरफाडीच्या टेबलावर होता.

"नस सरकवली तिनं," पत्रूचा मोठा भाऊ लटारू म्हणाला. "वरून करणीबी केली. आम्ही ठरवलं हाये साहेब. दिवस बुडायच्या आत तिनं गाव सोडाचं."

"अन् नाई सोडलं तर?"

लटारूनं हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली. त्याच्यामागे उभे असलेले लोक एक पाऊल पुढं आले.

पत्रूची बायको सोमारी भिंतीला टेकून बसली होती.

"बाई, पत्रूची पाठ कधीपासून दुखे?"

"उन्हाळ्यापासनं. इथी, खांद्यामागच्या दोन फऱ्यांच्या मधात."

"उन्हाळ्यात रोवणा असते का?"

"नसते जी."

"मंग पाठ काऊन दुखे?"

"आमच्या गावात साऱ्यायचीच दुखते."

"वाकलं का जास्त दुखे?"

"नाई. कामात तर विसरून जाये. पहाटे उठून बसे. मंग पेज पेली का दुखणं थांबे अन् झोपे."

"पेज पाठीले लावे का?"

सोमारीनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "पेज पेतात जी."

"अन् पोट?"

"पोटाले काई नाई म्हणे. फक्त पाठच दुखते म्हणे."

"परसाकडं साफ होये का?"

"काळीकुट्ट होये. जांभळं लई खाल्ली ना."

"जांभळं तर कवाच सरली बाई."

"हो जी. रंग राह्यला असन."

भैयाजी समाजमंदिरात गेले. नीलाबाई कोपऱ्यात, तेलाची शिशी पदराखाली धरून.

"पाठ चोळताना हाताले काय लागलं, बाई?"

"काईच नाई. गाठ नाई, आखडलेलं नाई. लोण्यावानी पाठ. मी म्हटलं त्याले, तुह्या पाठीत दुखणं नाई बाबू."

"मंग चोळली काऊन?"

"पालथा पडला होता ना."

भैयाजी परत पत्रूच्या घरी आले. छपराच्या कवेलूखालच्या आडव्या बांबूला प्लास्टिकच्या थैल्या लटकत होत्या. मूल गावच्या दुकानाची एक, ब्रह्मपुरीची एक, गोंडपिपरीच्या दोन. आत दुखण्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या. बऱ्याच रिकाम्या, काही भरलेल्या.

"हे काय हाये?"

"पाहुण्यायनं आणल्या," लटारू म्हणाला. "बिमार माणसाकडं खाली हातानं कसं जाव? पयले केळं नेत. केळं सडते, गोळी टिकते. साऱ्यायपेक्षा जास्त म्या आणल्या. भाऊ होता माहा. रिकाम्यापोटी घे म्हटलं, लवकर लागते."

भैयाजींनी चिरफाड करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बराच वेळ ऐकलं, तीन वेळा "हो जी" म्हटलं आणि गाव समाजमंदिरात गोळा केलं.

"खुनी याच मंदिरात हाये," ते म्हणाले.

लोकांनी नीलाबाईकडे पाहिलं.

"तिकडं नाई. एकमेकांकडं पाहा."

लोकांनी पाहिलं. फारसं काही दिसलं नाही.

"पत्रूची पाठ ठणठणीत होती. जखम होती आत, जठराच्या खालच्या तोंडाशी. डॉक्टरीणबाई म्हणते, ते जखम कधी कधी पाठीतच दुखते. पाठ खराब असती तर वाकल्यावर दुखली असती. याची दुखे उपाशी पोटी अन् थांबे पेजेनं. पाठीले पेज समजते का? काळी परसाकड जांभळाची नव्हती, रक्ताची होती. पोटातलं रक्त काळं होऊन पडते. आजची ओकारीबी त्याचीच."

"मंग खुनी कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"तुमच्या या गोळ्या. पाठीसाठी आणल्या, पण त्यायनं जखम कोरली. पाठ दुखे म्हणून गोळी, गोळीनं जखम मोठी, जखमेनं पाठ अजून दुखे, म्हणून अजून गोळी. आज पहाटे आतली नस फुटली. नीलाबाईचा हात तिथपर्यंत पोचतच नाई. तुमचा पोचला."

"कलम कोणतं लावता?" लटारूनं विचारलं.

"भेटीले जाण्यावर कलम नाई."

सोमारी हळूच म्हणाली, "दवाखान्यात नेलं असतं तर वाचला असता का जी?"

"वाचला असता बहुतेक."

"नाई," ती म्हणाली. "तिथीबी त्यानं पाठच दाखवली असती."

भैयाजींनी दारातल्या लोकांना बाजूला सारलं.

नीलाबाई उठली. तिला वाट मिळाली, माफी कुणी मागितली नाही. दोन-तीन बायकांनी पोरांना तिच्या सावलीतून मागे ओढलं. गावानं तिला राहू दिलं होतं. तिच्या पडवीत आता कोण पालथं पडणार, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दिवस बुडाला. भैयाजींनी थैल्या पुरावा म्हणून एका गमछ्यात बांधल्या. लटारू त्यांच्यासोबत गाडीपर्यंत आला. डोळे लाल, चालताना एक हात कमरेवर. भैयाजींनी गाडीला किक मारली.

"साहेब, साऱ्याच नेऊन राह्यले का?"

"साऱ्याच."

"रोवणा अर्धा बाकी हाये जी. भरलेली एक पट्टी ठेवून जा ना. माह्या पोटाले काई नाई. फक्त पाठच दुखते."