रिकामे कान

सकाळचे अकरा वाजले होते आणि हेमांगी हेडफोन लावून एका माणसाचं चघळणं ऐकत होती. सुगंधी सुपारीची जाहिरात होती. सुपारी दाढेखाली फुटते, लाळ सुटते, जीभ टाळूला चिकटून सुटते. अशा आवाजांचे साठ पट, म्हणजे ट्रॅक, तिला एकत्र बांधायचे होते. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे, अशी मागणी होती. आठवडाभर हेच ऐकून तिला मळमळायला लागलं होतं. घरी जेवतानाही तिला शेजारी बसलेल्याचं चघळणं सहन होत नव्हतं.

पूर्वी एवढे पट एकदम चालवले की संगणकाचा प्रोसेसर दमायचा, आवाज तडतडून तुटायचा. मिरजेच्या या स्टुडिओत वर्षभरापूर्वी ‘समवाटप’ नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि तो त्रास संपला. आसपासच्या यंत्रांमधले रिकामे प्रोसेसर उसने घेऊन समवाटप काम वाटून टाकत असे. या कामाला दूरचा संगणक चालत नाही. उत्तर यायला जरा उशीर झाला तरी ताल बिघडतो. शहरातले फ्रीज, मोटारी, दारांवरचे कॅमेरे हे काम करत असतील, अशी हेमांगीची समजूत होती.

समोरच्या दुकानातले दस्तगीरचाचा दारात येऊन उभे राहिले. चाळीस वर्षं सतारी घडवणारा माणूस. त्यांच्या हातात सतारीची घोडी होती, तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी. ती कानशीनं घासून सूर खुलवणं म्हणजे जवारी काढणं. या घोडीला मधोमध खोल खड्डा पडला होता.

“बेटी, तिसरी वाया गेली,” ते म्हणाले. “जवारी काढायला बसतो आणि सूर कापसात गुंडाळल्यासारखा येतो. उघडत नाही म्हणून मी कानस मारत राहतो.”

“आणि कानामागचं ऐकायचं मशीन?”

“दोनदा तपासून आणलं. चांगलं आहे म्हणतात. म्हणजे मीच संपलो. दुकान बंद करतो आता.”

“दिवसभर होतं असं?”

“नाही गं. अकरा ते एक.”

हेमांगीचा हात माउसवर थबकला. अकरा ते एक हीच तिची वेळ होती. प्रोसेसर कुणाकुणाकडून येतात, ती यादी तिनं कधी उघडलीच नव्हती. आता उघडली. फ्रीज नऊ. मोटारी चौदा. श्रवणयंत्रं चारशे बारा. खाली बारीक अक्षरांत नियम होता: ‘ध्वनीसाठीच घडवलेला, सर्वांत वेगवान प्रोसेसर. वीस सेकंद कुणाचं बोलणं कानावर न पडल्यास यंत्र रिकामं समजावं.’

चाचा रोज एकटेच तार छेडत, तिचा सूर ऐकत बसायचे. यंत्राच्या लेखी ते काहीच ऐकत नव्हते.

तिनं स्टुडिओचे मालक अभिराम गोगटे यांना फोन लावला.

“अगं, संमतिपत्रात आहे ते,” ते शांतपणे म्हणाले. “सगळ्यांनी सही केलीय.”

“ते वाचलं कुणी, सर? माणसांना ऐकू येत नाहीये!”

“कुणी बोलायला लागलं की त्याच क्षणी परत देतो आपण. ज्यांच्याशी कुणी बोलतच नाही, त्यांचं काय बिघडतं?”

हेमांगीनं पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. चारशे बारा माणसांचे कान काढून घेऊन आपण त्यात लाळ भरत होतो. तिनं फोन ठेवला, समवाटप बंद केलं आणि साठच्या साठ पट पुसून टाकले. हेडफोनसुद्धा तिला चिकट लागला. तो तिनं बोटांच्या टोकांनी उचलून बाजूला ठेवला.

पडद्यावरची यादी मात्र रिकामी झाली नाही. सगळ्या आकड्यांसमोर नवी ओळ उमटली: ‘सांगलीच्या स्टुडिओकडे वर्ग.’

तिनं चाचांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं सावकाश सांगितलं. त्यांच्या हातातली कला गेलेली नाही, हेही दोनदा सांगितलं. चाचांनी कानामागून यंत्र काढलं, झुरळ झटकावं तसं टेबलावर टाकलं आणि धोतराला बोटं पुसली. मग स्वतःलाच ऐकू येत नसल्यानं जरा मोठ्यानंच म्हणाले,

“मी आलो म्हणून मला कळलं. पण बाकीच्यांशी कुणी बोलतच नाही ना, बेटी? मग त्यांना हे सांगणार कोण?”