सतरा तारखेचा आकडा

सतरा जानेवारीला कालेब कोस्कीची गाडी आयलीच्या फाटकापाशी बर्फात रुतली. आयलीनं ट्रॅक्टर काढला, साखळी लावली आणि दोन झटक्यांत गाडी बाहेर ओढली.

"तुम्ही... एकटीनं?" नवा शेजारी बघतच राहिला.

"का? ट्रॅक्टरला मिशा लागतात?"

तो असा काही हसला, की आयलीला उगाचच हातमोजे नीट करावेसे वाटले.

कालेब डोंगरातल्या स्की-वाटांचे नकाशे काढायचा आणि आयलीकडे ते छापणारं भलंमोठं यंत्र होतं. मग काय! रोज तो पेनड्राइव्ह खिशात घालून गुडघाभर बर्फ तुडवत यायचा, कॉफी प्यायचा आणि निघायचं विसरायचा. आठवड्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

एक दिवस तो सहज म्हणाला, "तुझं इंटरनेट बंदच कर ना. माझंच वापर. एकाच घरासारखं..."

आयलीची कॉफी ओठांपाशीच थांबली. बाई होती भलती मानी! कंपनीनं 'एका घरासाठी लाइन टाकत नाही' म्हटल्यावर रस्त्यापासून दारापर्यंतचा चर तिनं स्वतः खणला होता. हँकॉक गावच्या खडकाळ जमिनीत, अकरा दिवस. आणि आधीचा एक जण अंगठी घेऊन आला, तोही हेच म्हणाला होता, 'तुझं सगळं बंद कर आणि माझ्याकडे ये.' अंगठी आल्या पावली परत गेली होती.

"माझी लाइन माझीच राहील," ती म्हणाली. "हवं तर दोन्ही घरं जोडू. छपरांवर समोरासमोर अँटेना लावू. तुझे नकाशे थेट माझ्या यंत्रावर येतील. पण बाहेरच्या जगात जाताना ज्यानं त्यानं आपापल्या दारातून जायचं. कबूल?"

"कबूल, सरकार!"

अँटेना लागल्या, पण घोडं अडलं. दोन्ही घरांच्या राउटरवर पत्त्यांचा आकडा एकच, कारखान्यातून आला तसा. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर असला, तर पोस्टमन बिचारा जाणार कुठे?

"तू बदल," आयली म्हणाली.

"मीच का? माझ्या घरात वीस उपकरणं आहेत!"

"माझ्याकडे बावीस!"

झालं! दोघं फुरंगटून आपापल्या घरी गेले. गावची स्की-स्पर्धा शनिवारी, आणि तिचे नकाशे अजून छापायचेच होते.

रात्रभर आयलीला चुटपुट लागली. इतकं काय ताणायचं... एका आकड्यासाठी? सकाळी तिनं गुपचूप बसून बावीसच्या बावीस उपकरणांचे पत्ते बदलले, चार तास खपून. आकडाही मनापासून निवडला. मग खिडकीतून कालेबला हात हलवला— पाठव!

काहीच आलं नाही. पुन्हा तीच अडचण!

एवढ्यात कालेब कोट न घालताच बर्फातून धावत आला. "आयली, मी सकाळी सगळं बदललं गं! तरी कसं..."

"तूसुद्धा? कोणता आकडा घेतलास?"

त्याचे कान लाल, थंडीनं की कशानं कोण जाणे.

"सांग ना!"

"सतरा... गाडी रुतली होती ना, त्या दिवसाचा."

आयलीनं आपल्या संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. तिथंही सतरा! तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

"सतरा माझ्याकडे राहील," ती म्हणाली.

"आणि मी कोणता घेऊ?"

"आठ. आजची तारीख."

"आज काय विशेष?"

"आज आयली लाह्तीनं एका वेंधळ्या माणसाला सांगितलं, की तिचं त्याच्यावर प्रेम आहे." मान ताठ ठेवूनच बोलली ती.

कालेबनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "तो वेंधळा तर सतरा तारखेलाच रुतला होता गं... अजून निघालेला नाही."

तासाभरानं यंत्र घरघरलं आणि पहिला नकाशा बाहेर आला. घरघर ऐकून आयलीचे बाबा आर्वो आले, हातात निसूचा, म्हणजे वेलदोड्याच्या गोड पावाचा तुकडा. दोघांकडे पाहून त्यांना सगळं समजलं.

"छान! म्हणजे लग्नानंतर एक लाइन तोडायची. कुठली?"

आयलीनं तोंड उघडलं, पण कालेबच आधी बोलला.

"तोडायची कशाला, बाबा? अकरा दिवस खणलीय तिनं."

नकाशा उजेडात धरून आयली बघत राहिली, आणि तिची मान आणखीच ताठ झाली.